आतून कडी

माझ्या नणंदेच्या खोलीला बरीच वर्षं आतून कडी नव्हती. होती ती आम्हीच काढून टाकली होती. दारावर स्क्रूची भोकं तेवढी राहिली होती आणि वन्सं येता-जाता त्या भोकांवरून बोट फिरवायच्या. मी ते रोज पाहायचे आणि काही बोलायचे नाही. बोलून उपयोगही नव्हता. वन्संना जन्मापासून ऐकू येत नाही, आणि आता दिसतही नाही.

आमचं घर तंजावूरला, पश्चिम वीथीच्या मागच्या गल्लीत. मध्ये हॉल, त्याच्या दोन बाजूंना दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. घरात आम्ही तिघंच: मी, हे, आणि ह्यांची थोरली बहीण. 'वन्सं' हा शब्द तिकडे महाराष्ट्रात आता कुणी वापरत नाही म्हणे. पुण्याहून आलेली एक पाहुणी तो ऐकून खुदकन हसली होती, जणू मी गळ्यातली पुतळ्यांची माळ काढून दाखवली. हसेना का! आमच्यात चालतो. गंमत अशी की मी त्यांना त्या शब्दाने कधी हाक मारलेलीच नाही, कारण हाक मारून त्या वळणार थोड्याच! पण माझ्या मनात त्या वन्संच.

सासऱ्यांनी त्यांना इथल्याच बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं होतं. तिथे सगळं तमिळ. त्यामुळे घर मराठी बोलणारं आणि घरातली थोरली मुलगी ओठांवरून फक्त तमिळ वाचणारी, असा प्रकार. मी लग्न होऊन ओरत्तनाडूहून आले तेव्हा सासूबाई माझ्याशी मराठीत बोलायच्या आणि लगेच मान वळवून आवाज न काढता नुसते ओठ हलवायच्या. मला वाटलं, म्हातारी माझ्या नावाने पुटपुटते आहे. चांगले आठ दिवस मी त्यांच्यावर मनातून चिडून होते. मग कळलं की मला सांगितलेलं प्रत्येक वाक्य त्या वन्संना तमिळमध्ये सांगत होत्या, म्हणजे मुलगी बाजूला पडू नये.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. वन्संच्या खोलीतल्या दिव्याचं बटण खोलीत नव्हतं, बाहेर हॉलच्या भिंतीवर होतं. सासऱ्यांनी वायरमनला मुद्दाम तसं करायला लावलं होतं. बहिऱ्या माणसाचं दार ठोठावून काय होणार? म्हणून दार वाजवायचं ते दिव्याने. बटण दोनदा खालीवर केलं की वन्सं बाहेर यायच्या. नव्या नवरीला हे कोण सांगणार? मी पंख्याचं बटण समजून तेच खटाखट दाबत राहिले, आणि वन्सं तोंडाला हळद लावलेली तशीच घेऊन धावत बाहेर आल्या. घरात आग लागली असं त्यांना वाटलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस मला बघितलं की त्या हवेत बटण दाबल्याची नक्कल करायच्या आणि स्वतःच पोट धरून हसायच्या.

अशा त्या हसऱ्या होत्या. शिवणकाम करायच्या, गल्लीतल्या निम्म्या बायकांची पोलकी त्यांच्या हातची. मग चाळिशीच्या आसपास रात्री अडखळायला लागल्या. पुढे दिवसाही बाजूचं दिसेना, समोरचं तेवढं दिसायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की कान आणि डोळे, दोन्हींचं मूळ एकच आहे आणि ते जन्मापासूनच बरोबर आलेलं आहे. घरात नात्यातल्या नात्यात लग्नं झाली आहेत का, असंही त्यांनी विचारलं. आमच्यात नात्याबाहेर झालेलं लग्न शोधावं लागतं. माझे सासरे सासूबाईंचे सख्खे मामा. ह्यांनी सगळी नाती एकामागून एक सांगायला घेतली, तेव्हा डॉक्टरांनी अर्ध्यातच पेन खाली ठेवलं.

हळूहळू उरलासुरला उजेडही गेला आणि भिंतीवरचं ते बटण निकामी झालं. आता वन्संशी बोलायचं म्हणजे त्यांचा हात हातात घ्यायचा आणि तळव्यावर बोटाने तमिळ अक्षरं काढायची. त्याही आमच्या तळव्यावर तसंच लिहितात. माझं तमिळ लिहिणं काही फार चांगलं नाही, पण वन्सं अर्ध्या शब्दातच ओळखतात आणि पुढचं लिहू देत नाहीत.

आता कडीचं सांगते. चैत्रातली दुपार होती. वन्सं खोलीत जाऊन कडी लावून झोपल्या होत्या. जेवायची वेळ टळून गेली तरी दार उघडेना. ह्यांनी सवयीने दिव्याचं बटण खालीवर केलं, मग दार बडवलं. दोन्हींचा काही उपयोग नाही हे त्यांनाही माहीत होतं, पण घाबरलेला माणूस आणखी काय करणार? शेजारी जमले. कुणीतरी पहार आणली. कडी तुटून दार उघडलं आणि पाच-सहा माणसं आत घुसली. वन्सं खाटेवर शांत झोपल्या होत्या. उकाड्याने जीव नकोसा झाला होता म्हणून अंगात परकर-पोलकं तेवढं. खाट हलली म्हणून त्या जाग्या झाल्या, हात पुढे केला, आणि तो हात परक्या माणसाच्या शर्टाला लागला.

त्यांनी चादर ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी सुताराला बोलावून तुटकी कडी काढून टाकली आणि सांगितलं की आता ह्या दाराला कडी बसणार नाही. ह्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माणूस आत पडला असेल आणि हाक ऐकू जात नसेल तर कडीचं कौतुक कुणाला? वन्संनी पुष्कळ वेळा हातावर लिहून मागितली. ह्यांनी दर वेळी एकच शब्द लिहिला, "नको". मग त्यांनी मागणं सोडलं आणि भोकांवर बोट फिरवणं सुरू झालं.

दोन वर्षांपूर्वी तिरुच्चीहून एक टीचर यायला लागल्या. दिसत नाही आणि ऐकूही येत नाही अशा माणसांना त्या घरी येऊन शिकवतात. वन्संना ठिपक्यांची लिपी शिकवायची म्हणून आल्या होत्या. एका खेपेला त्यांनी ह्यांचा जुना स्मार्टफोन मागून घेतला आणि त्यावर एक ॲप घातलं. कॅमेऱ्यावर उजेड पडला की फोन हातात थरथरतो. उजेड थोडा असला तर मंद, जास्त असला तर जोरात, आणि अंधार असला की गप्प. ज्यांना नुसतंच दिसत नाही त्यांच्यासाठी तो आवाज करतो, ज्यांना ऐकूही येत नाही त्यांच्यासाठी थरथरतो. बस्, एवढंच. मी म्हटलं, "टीचर, ह्यांना उजेड घेऊन काय करायचंय?" टीचर म्हणाल्या, "ते त्याच ठरवतील. तुम्ही कशाला ठरवता?" मला राग आला, पण टीचरना कॉफी द्यायची होती म्हणून आत गेले.

पहिल्या दिवशी वन्संनी फोन खिडकीकडे धरला, भिंतीकडे धरला, पुन्हा खिडकीकडे धरला. मग फ्रिज उघडला आणि आत धरला. फोन थरथरला तशा त्या इतक्या जोरात हसल्या की मी स्वयंपाकघरातून धावत आले. दोन दिवसांत त्यांनी जुन्या पोलक्याच्या कापडाची एक पिशवी शिवली, तिला कॅमेऱ्यापुरतं भोक ठेवलं, काज करतात तसे त्याला टाके घातले, आणि फोन पिशवीत घालून गळ्यात अडकवला. पदराखाली गेला की फोन गप्प होतो हे कळल्यावर पिशवी पदरावर आली. ठिपक्यांच्या लिपीपेक्षा त्यांना हेच आवडलं.

मग घरात सासुरवास सुरू झाला. हे न्हाणीघरातला दिवा चालू ठेवून बाहेर येतात ही माझी लग्नापासूनची तक्रार. आता वन्सं न्हाणीघराच्या दारात उभ्या राहायच्या, फोन थरथरला की ह्यांना शोधून काढायच्या, त्यांचा हात धरून बटणापर्यंत न्यायच्या आणि त्यांचंच बोट बटणावर ठेवायच्या. मी तीस वर्षं तोंडाने सांगून जे झालं नाही ते त्यांनी आठवड्यात करून दाखवलं. मी खूश होते. माझ्यावर पाळी येईपर्यंत.

एके दिवशी सकाळी मी रसवांगीसाठी वांगी चिरत होते. वन्सं आल्या, माझ्या पुढ्यातली विळी बाजूला केली, तळवा ओढून घेतला आणि लिहिलं, "माझ्या खोलीत तू सारखी का डोकावतेस?"

मला आधी समजेना. मग लक्षात आलं. वन्संना दिवा लागत नाही, म्हणून त्यांची खोली कायम अंधारी असते. खिडकी मागच्या घराच्या भिंतीला लागून आहे, तीही बंदच असते. दार लोटलेलं असलं की आत काळोख. आणि कुणी दार थोडंसं जरी उघडलं, तरी हॉलमधला उजेड आत पडतो. आजवर ते आम्हालाच माहीत होतं. आता त्यांच्या गळ्यातल्या फोनलाही कळायला लागलं होतं.

त्यांनी पुढे लिहिलं, "वासावरून ओळखते. सकाळी तू. मग तो. मग कामाला येणारी. मग पुन्हा तू. मला वाटायचं, दार लोटलं म्हणजे मी एकटी आहे."

मी चिडले. खरंच चिडले. कोण कुणासाठी डोकावतं? खाटेवरून पडल्या असत्या तर? चक्कर आली असती तर? माझ्या हातातली कामं सोडून मी दिवसभर चकरा मारते ती काय तमाशा बघायला? हे सगळं मी तोंडाने बडबडले, कारण एवढं तळहातावर लिहायचं तर वांगी काळी पडली असती. लिहिलं फक्त, "काळजीने."

त्यांनी लिहिलं, "माहीत आहे. पण मी कपडे बदलताना पण?"

कपडे बदलताना डोकावलेलं असणारच, कारण आत काय चाललंय ते दार उघडल्याशिवाय कसं कळणार? माझ्या मनात कधी काही आलं नव्हतं, बाईमाणूसच मी. पण ह्यांनी, कामवालीने, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी? आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा चप्पल काढली की आधी वन्संच्या दाराशी जातो, उभा राहून बघतो, 'पावम्' म्हणतो, म्हणजे बिचारी, आणि मग येऊन कॉफी पितो. देवळात गेल्यावर आधी पिळ्ळैयारला, म्हणजे गणपतीला, नमस्कार करावा तसं. इतकी वर्षं वन्संना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. आता सगळं माहीत झालं होतं, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मला विळी पुन्हा पुढ्यात ओढवेना.

त्याच संध्याकाळी त्यांनी ह्यांच्या तळव्यावर लिहिलं, "कडी लाव."

हे म्हणाले, "नको." मला म्हणाले, "तूच सांग तिला." मी म्हटलं, "मी नाही सांगणार, तुमची बहीण आहे." मग वन्संनी ह्यांचा हात धरला आणि त्यांना हॉलमधल्या त्या जुन्या बटणापाशी नेलं. बोट बटणावर ठेवलं. स्वतः खोलीत गेल्या, दार लोटून घेतलं. ह्यांनी कंटाळत बटण दाबलं. दार उघडलं आणि वन्सं बाहेर आल्या. छातीवरच्या पिशवीवर हात होता आणि चेहऱ्यावर असं हसू, की मला सासूबाईंची आठवण झाली. त्या असत्या तर तेव्हाच आवाज न काढता काहीतरी बोलल्या असत्या.

पण हे असे सहजी ऐकणाऱ्यातले नाहीत. जन्मभर पंचायत कचेरीत कारकुनी केलेली, एखादा अर्ज शंका न काढता पुढे सरकवला तर ह्यांना झोप लागत नसे. ह्यांनी शंका काढायला सुरुवात केली. करंट गेला तर? तर वन्संच्या खोलीतला दिवा इन्व्हर्टरला जोडून घेतला. खोलीतली ट्यूब जुनी होती, लागताना तीन-चारदा लुकलुकायची, आणि वन्संना वाटायचं बाहेर कुणीतरी वेडं झालंय. ट्यूब काढून साधा एलईडी बल्ब लावला. फोनची बॅटरी संपली तर? तर वन्संनी रोज दुपारी आणि रात्री जेवताना फोन चार्जिंगला लावायचं ठरवलं, आणि तो लागला की नाही हे त्या स्वतः वायर चाचपून बघायला लागल्या.

मग ऐप्पसीचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला, पाऊस आला, विजा कडाडायला लागल्या. वन्संच्या खिडकीच्या वर एक काचेचा झरोका आहे; भिंतीच्या आडोशामुळे एरवी त्यातून उजेड येत नाही, पण वीज चमकली की खोलीत लख्ख उजेड. एका संध्याकाळी वन्सं सारख्या दार उघडून बाहेर येत होत्या आणि 'काय?' म्हणून हात पुढे करत होत्या. हॉलमध्ये कुणी हललंसुद्धा नव्हतं. ह्यांना हसू आवरेना. "बघ, आता आकाशातले देव बोलावतायत तिला," म्हणाले. मी वन्संच्या हातावर 'वीज' असं लिहिलं. त्या थबकल्या. मग परत खोलीत गेल्या आणि पाऊस थांबेपर्यंत झरोक्याखाली फोन धरून उभ्या राहिल्या. दिवाळीला तर त्यांनी आम्हाला गच्चीवर न्यायला लावलं. समोर फटाके उडत होते, फोन थरथरत होता, आणि दर झाडाला, दर बाणाला वन्सं माझा दंड दाबत होत्या. मला वाटलं, बाई, तू केवढ्याशाने खूश होतेस! आणि मग वाटलं, एवढंसं तरी आम्ही आजवर कुठे दिलं?

परीक्षा मात्र संपेनात. हे वाटेल तेव्हा बटण दाबायचे, वन्सं दार उघडून यायच्या, आणि हे "काही नाही" असं लिहून परत वर्तमानपत्रात डोकं घालायचे. एकदा वन्सं बाहेर आल्या, ह्यांच्या हातातला पेपर काढून घेतला आणि तळव्यावर लिहिलं, "माझी शाळा कधीच संपली." मी पदर तोंडाला लावला. हे ओशाळले, पण शेवटची अट घातल्याशिवाय राहिले नाहीत. दिवा लावल्यावर वन्संनी आतून दारावर टकटक करायची. म्हणजे 'समजलं, येते' असं. टकटक आली की आम्ही थांबायचं. टकटक आली नाही तर दार फोडायचं आणि कडी पुन्हा कायमची जाणार. वन्सं कबूल झाल्या. सुतार आला, जुन्या भोकांच्या वरच्या बाजूला नवी कडी बसवून गेला. वन्संनी ती सुताराच्या समोर इतक्या वेळा लावली आणि काढली, की तो म्हणाला, "अम्मा, झिजेल."

कडी लागली त्या दिवशी मी खोटं कशाला सांगू, मला घरात चैन पडेना. वन्सं आत गेल्या, कडी सरकल्याचा आवाज आला, आणि आता डोकावायचं नाही म्हटल्यावर माझे पाय आपोआप त्या दाराकडे वळायचे. दाराशी जाऊन मी परत यायचे. बटण दाबायला काही कारण तर हवं? मग मी कारणं शोधायला लागले. कॉफी हवी का, केळं हवं का. आतून टकटक यायची, वन्सं बाहेर यायच्या, नको म्हणायच्या आणि परत आत. दोन-तीन दिवसांत मीच कंटाळले आणि गप्प बसायला शिकले. हळूहळू कळलं की बंद दारापलीकडे माणूस सुखरूप असू शकतो.

आणि मग ह्यांच्या आत्या आल्या. आत्याबाई कुंभकोणमला असतात, ऐंशीच्या घरातल्या, घरात सगळ्यांत मोठ्या. सांगून कधी येत नाहीत. आल्या की चप्पल काढायच्या आणि थेट वन्संच्या खोलीत शिरायच्या, हनुवटी धरून कुरवाळायच्या, डोळ्याला पदर लावायच्या. माया खोटी नव्हती. पण वन्सं दर वेळी दचकायच्या, कारण कुणाचा हात कुठून येतोय हे त्यांना आधी कळायचंच नाही.

त्या दिवशी आत्याबाई आल्या तेव्हा वन्सं नुकत्याच न्हाऊन खोलीत गेल्या होत्या. आत्याबाईंनी पिशवी माझ्या हातात दिली आणि दार ढकललं. दार हललं नाही.

"हें काय? दार कां लावलंय?" आत्याबाई म्हणाल्या. "आंत कोण आहे?"

"वन्सं आहेत. कडी लावलीय."

"तिनं? तिजला कडी कशास? अय्यो, कांहीं झालं म्हणजे?"

मी म्हटलं, "थांबा, बोलावते," आणि बटण दोनदा खालीवर केलं. दाराच्या फटीतून दिवा लागलेला दिसला, विझलेला दिसला. आम्ही टकटकीची वाट बघत उभ्या राहिलो. टकटक आली नाही.

मी पुन्हा बटण दाबलं. काही नाही.

ह्यांनी वर्तमानपत्र खाली टाकलं. चेहरा पांढराफटक. "मी सांगत होतो," म्हणाले, "मी सांगत होतो तुम्हा दोघींना." न्हाणीघरातून ओल्या पायांनी गेली होती, फरशी गुळगुळीत, डोकं आपटलं असेल. हे सगळं त्यांनी एका दमात म्हटलं. आत्याबाईंनी मारुतीचा धावा सुरू केला. ह्यांनी दाराला खांदा लावला.

फोन गळ्यात घालायचा राहिला असेल, बॅटरी संपली असेल, हे माझ्या मनात आलं. आणि वन्सं खरंच पडल्या असतील हेही आलं. पण त्याबरोबर ती चैत्रातली दुपार आठवली. पहार, तुटलेलं दार, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या वन्सं. आज दार मोडलं तर कडी पुन्हा कधी बसणार नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. वन्सं आत धडधाकट असल्या तरी बसणार नव्हती.

मी ह्यांच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिले. "अजून एकदा लावते," म्हटलं. "मग फोडा."

"आणि तोवर तिला काही झालं तर?"

"तर माझ्या माथी." हे मी कुठल्या तोंडाने म्हटलं देव जाणे. हात मागे नेऊन बटण दाबलं आणि दिवा लावूनच ठेवला. आतून काहीही आवाज नाही. हे माझा खांदा धरून मला बाजूला करायला लागले.

तेवढ्यात कडी सरकली.

दारात वन्सं उभ्या. हिरवं सुती लुगडं नीट नेसलेलं, निऱ्या सरळ, पदर खोचलेला, पिशवी छातीवर. केस मात्र ओले आणि मोकळे. चेहऱ्यावर असा राग की आत्याबाईसुद्धा मारुतीला मध्येच सोडून गप्प झाल्या. वन्संनी हात पुढे केला, मी माझा दिला. त्या इतक्या जोरात लिहीत होत्या की तळवा चुरचुरला.

"पहिल्याच दिव्याला कळलं होतं. दोन्ही हातांत निऱ्या होत्या. टकटक कशाने करू? सोडून देऊ?"

ह्यांनी विचारलं, "काय म्हणते?" मला सांगता येईना. मला हसू आलं, आणि हसता हसताच रडू आलं, आणि मी दाराच्या चौकटीला धरून दोन्ही करत राहिले. निऱ्या! आम्ही बाहेर तिला मेलेली धरून चाललो होतो आणि ती आत निऱ्या घालत होती. घरातल्या कुठल्याही बाईसारखी. मला कुणी निऱ्या घालताना हाक मारली तर मीही गप्पच राहते, आणि कुणी माझं दार फोडत नाही. शेवटी मी पदराने तोंड पुसलं आणि ह्यांना शब्दन् शब्द सांगितला.

हे दाराला लावलेला खांदा चोळत उभे राहिले. मग त्यांनी स्वतःच वन्संचा हात हातात घेतला आणि लिहिलं, "आत्या आलीय."

वन्संनी लिहिलं, "बसायला सांग. कॉफी द्या. माझे केस राहिलेत." आणि त्या आत गेल्या. कडी पुन्हा लागली.

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. ह्या घरात त्या कुणासाठी थांबल्याचं मला आठवत नाही. पण खुर्ची ओढून त्या बसल्या. मी कॉफी आणून दिली. ती त्यांनी हळूहळू संपवली, रिकामी दवरा-वाटी खाली ठेवली, आणि बंद दाराकडे बघत आवाज उतरवून विचारलं, "अजून किती वेळ लागेल गे?"

मी उत्तर द्यायच्या आत ह्यांनी खाली पडलेलं वर्तमानपत्र उचललं आणि झटकलं.

"तिला लागेल तेवढा," हे म्हणाले.